खावटीचा हुकूम झाला, वसुली कोण करणार?

2022 मध्ये नांदेडचा एक खटला देशभर गाजला. शिक्षिका असलेल्या घटस्फोटित पत्नीने पूर्वीच्या नवऱ्याला दरमहा 3,000 रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा नांदेडच्या न्यायालयाचा 2017 चा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कायम केला. तिने पैसे भरले नव्हते, म्हणून 2019 मध्ये तिच्या मुख्याध्यापकांना हुकूम गेला होता: पगारातून महिन्याला 5,000 कापा आणि न्यायालयात जमा करा. तोही टिकला. ‘आता बायकांनाही कळेल’ म्हणत लोकांनी ती बातमी मोबाइलवर फिरवली.

त्या निकालाशी माझे भांडण नाही. हिंदू विवाह कायद्याची 24 आणि 25 ही कलमे नवरा-बायको दोघांनाही पोटगी मागू देतात. पण मुख्याध्यापकांना एक पत्र धाडले की वसुली होऊ शकते, हे या खटल्याने सिद्ध केले ना? मग माहेरच्या पडवीत दोन लेकरे घेऊन बसलेल्या बाईच्या नवऱ्याचा पगार अजून अख्खा त्याच्या खात्यात कसा जातो? हे विचारायला टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एकही पुढे आला नाही.

उलट लग्नाच्या मांडवात, पारावर एकच रड ऐकू येते: घटस्फोट फार वाढले, पोरी शिकल्या, संसार मोडायला लागले. हे धादांत खोटे निदान आहे. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसे सुमारे 13 लाख 60 हजार होती. घटस्फोट न घेता वेगळी राहणारी त्यांच्या जवळपास तिप्पट. आमच्याकडचा नवरा सोडचिठ्ठीच्या भानगडीत पडतच नाही. तो बायकोला दिवाळीला माहेरी धाडतो आणि परत न्यायला येत नाही. दुसरी करतो. पहिली ना नांदती, ना मोकळी. लेकरे मामाच्या भाकरीवर वाढतात. ज्या आकड्यावर गावे हळहळतात, त्यात ही बाई मोजलीच जात नाही.

ती कोर्टात जाते तेव्हा काय होते, हे सांगतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. पण नोटीसच बजावली जात नाही. ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून कागद परत येतो. इसम पुण्यात कंपनीत असतो, नाहीतर हैदराबादेत. सापडलाच तर सांगतो, मी मजूर आहे, सातबारा बापाच्या नावावर आहे. अंगमेहनत करून का होईना, बायको-लेकरांना पोसलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे. उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र दोन्ही पक्षांनी द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 ला ठरवून दिले. ते प्रकरण तर नागपूरच्या कुटुंब न्यायालयातूनच वर गेले होते. कायदा कमी पडत नाही. थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करायला जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवण्याची सोयसुद्धा त्यात आहे. मात्र वसुलीचा अर्ज बाईनेच करायचा, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा, आणि थकली की पुन्हा करायचा. रोजगार बुडवून, एसटीचे तिकीट काढून, वकिलाची फी भरून. हुकूम न्यायालयाचा, मोडला नवऱ्याने, आणि हेलपाटे तिने घालायचे. ही निर्लज्ज व्यवस्था आहे.

ताब्याच्या दाव्यांचे तर आणखी किळसवाणे. खावटीचा अर्ज पडला की उत्तरादाखल मुलाचा ताबा मागितला जातो. तोवर त्याची शाळा कोणती, हेही बापाला ठाऊक नसते. मागणी बहुधा मुलाचीच. मुली आईकडे राहिल्या तर चालतात. 1956 च्या अल्पवयीन पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई लिहिली आहे. त्याच कायद्यात मुलाचे हित सर्वात वरचे, असेही आहे. वंशाचा दिवा म्हणून मूल मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: आजवर दूध, वह्या, दवाखाना यांचे पैसे किती दिलेस? पावत्या दाखव.

आणि लातूर! बारावी आणि नीटसाठी सारा महाराष्ट्र पोरे आणून घालतो असे हे शहर. इथे क्लासची फी, खोलीभाडे, मेस हा सगळा खर्च अंगावर येतो तो नेमका सतराव्या-अठराव्या वर्षी. आणि फौजदारी कायद्याखालची मुलाची पोटगी सामान्यतः अठरा पूर्ण होताच थांबते. पुढे जातीचा दाखला आणि वैधता हवी, तर कागद बापाकडचे. तो देत नाही. आईने पुन्हा त्याच्याच दारात जायचे.

सरकारकडे यंत्रणा नाही, हे मला कुणी सांगू नये. लाडक्या बहिणींच्या खात्यात 1,500 रुपये टाकता येतात, बालसंगोपन योजनेत 2,250 देता येतात. जर्मनीत बाप पैसे देत नसेल तर सरकार मुलाला आगाऊ रक्कम देते आणि नंतर बापाकडून वसूल करते. आपल्याकडेही तेच हवे: हुकूम होताच मुलाची रक्कम सरकारने द्यावी आणि ती पगारातून, बँक खात्यातून, जमिनीतून स्वतः वसूल करावी. तलाठी थकीत शेतसाऱ्यासाठी नोटीस काढतो, तशी यासाठीही निघाली पाहिजे.

नांदेड आणि लातूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे: आमच्या जिल्ह्यांत पोटगीचे किती हुकूम झाले, आणि त्यातले किती रुपये लेकरांपर्यंत पोहोचले?