एकदंताची परदेशी कथा

सह्याद्रीच्या माथ्यावरून परशुरामाने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण-गोमंतकाची भूमी वर आली, ही कथा या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. बाणावलीचे नाव त्या बाणाशी जोडले जाते. पैंगिणीला परशुरामाचे देवालय आहे. हाच भार्गव आणि त्याच्या परशूचा घाव स्वतःच्या दातावर झेलणारा गजानन २०१७ साली एका अमेरिकन व्हिडिओ गेममध्ये अवतरले. पोरांच्या करमणुकीची बाब म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. परंतु आमच्या मते ते योग्य ठरणार नाही.

'अनचार्टेड' या लोकप्रिय मालिकेचा चौथा भाग २०१६ साली निघाला आणि नेथन ड्रेक या नायकाची कथा तेथे संपली. पुढच्याच वर्षी 'नॉटी डॉग' या कंपनीने 'द लॉस्ट लेगसी' हा पुढील खेळ काढला. तो अमेरिकेत विक्रीस आला २२ ऑगस्टला. त्या वर्षीची चतुर्थी होती २५ ऑगस्टला. २०२२ मध्ये तो नव्या यंत्रांसाठी व संगणकांसाठी पुन्हा प्रसिद्ध झाला. त्याची नायिका क्लोई फ्रेझर अर्धी भारतीय, अर्धी ऑस्ट्रेलियन. नदीन रॉस या दक्षिण आफ्रिकी सहकारिणीसह ती पश्चिम घाटातील होयसळांच्या अवशेषांत गणेशाचा दात शोधते. असव नावाचा बंडखोर पुढारीही त्याच दाताच्या मागे आहे, आणि तो विकून मिळणाऱ्या बाँबने त्याला देशात यादवी पेटवायची आहे.

प्रथम जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हिरवे डोंगर, धबधबे आणि वेलींनी वेढलेली शिल्पे या खेळात ज्या मनःपूर्वकतेने रेखाटली आहेत, ती पाहून सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या कोणाचेही मन प्रसन्न होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्मात्यांनी पुराणकथेचे मर्म ओळखले आहे. परशू ही शंकराची देणगी. पित्याच्या शस्त्राचा घाव व्यर्थ जाऊ नये म्हणून गणेशाने तो प्रतिकार न करता स्वीकारला. क्लोईचा पिता याच दाताच्या शोधात मारला गेला होता. पित्याचे देणे कसे फेडावे, हा प्रश्न कथेत दोनदा येतो, एकदा देवाच्या बाबतीत आणि एकदा मुलीच्या बाबतीत. आपल्याकडील कित्येक पौराणिक मालिकांना हे साधलेले नाही.

मात्र आमचे समाधान येथेच थांबते. या खेळातला भारत म्हणजे बंडाळीने जळणारे एक शहर आणि त्यापलीकडचे निर्मनुष्य अरण्य. आरंभी बाजारात भेटणारी मीनू ही चुणचुणीत मुलगी सोडली, तर नायिकेसमोर येणारा भारतीय बहुधा बंदूकधारी असतो आणि खेळणाऱ्याने त्याला गोळी घालायची असते. ज्या डोंगरांत गावे आहेत, कुळागरे आहेत, देवराया आहेत, पालखी निघते आणि जत्रा भरते, तेथे माणूसच नसावा? अद्भुत कथेला सवलत द्यावी लागते हे आम्ही जाणतो. परंतु पूर्वेकडील देश म्हणजे ओसाड अवशेष, दडलेला खजिना व सशस्त्र टोळ्या, हा साहेबी कादंबऱ्यांचा जुना साचा आहे. नायिकेच्या अंगात भारतीय रक्त घातल्याने तो मोडत नाही.

इतिहासाचेही तसेच. खेळात गगनचुंबी मूर्ती आणि अजस्र यांत्रिक कोडी आहेत. खरे होयसळ शिल्प बुटक्या, तारकाकृती जोत्यावर उभे असते आणि त्याचे वैभव मऊ दगडात कोरलेल्या दागिन्यासारख्या नाजूक कामात असते. विष्णुवर्धनाने बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची प्रतिष्ठापना १११७ साली केली; हळेबीडची राजधानी १३११ मध्ये मलिक काफूरच्या स्वारीला सामोरी गेली. २०२३ साली युनेस्कोने बेलूर, हळेबीड व सोमनाथपूर यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. यांपैकी बेलूरच्या देवळात आजही पूजा होते. जे जिवंत आहे त्याला 'लुप्त' म्हणणे आम्हांला खटकते.

कथेच्या शेवटी क्लोई तो दात विकत नाही. भारताच्या संस्कृती मंत्रालयाच्या स्वाधीन करण्याचे ठरवते. ही सुखान्त कल्पना वास्तवाशी ताडून पाहावी. तामिळनाडूतील श्रीपुरंदान येथील चोळकालीन नटराज चोरीस गेला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो २००८ मध्ये लक्षावधी डॉलर मोजून घेतला आणि २०१४ साली तो भारतात परतला. तो कोणा साहसी नायिकेच्या हृदयपरिवर्तनाने परतला नाही. जुनी छायाचित्रे, नोंदी आणि चिकाटीचा पाठपुरावा यांनी तो परतला. आपल्या देवळांतील मूर्तींची नोंद आपणच केली नाही, तर गेलेली मूर्ती आपली होती हे सांगणार कसे? गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. कदंबांचा कुलदेव सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्यास आला आणि शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याचे देवालय पुन्हा उभारले, ही स्मृती आपण जपली आहे.

म्हणून परदेशी निर्मात्यांना दूषणे देत बसणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. बंदीची मागणी तर मुळीच मान्य नाही. आपली कथा आपण सांगितली नाही तर दुसरा ती त्याच्या पद्धतीने सांगणार. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढून हे काम येथेही होऊ शकते हे सिद्ध केले. दुर्गा आणि विष्णू यांची कृपा लाभलेली एक साधी मुलगी तिची नायिका आहे, आणि पहाडी लघुचित्रांची छाया तिच्या जगावर आहे. साधने थोडी होती, पण दृष्टी स्वतःची होती.

मोलेच्या अरण्यात तांबडी सुर्लचे महादेवाचे मंदिर उभे आहे; होयसळांच्या समकालीन कदंबांच्या काळातले, काळ्या पाषाणाचे. त्याच मोलेच्या रक्षणासाठी २०२० मध्ये गोव्यातील तरुण रस्त्यावर उतरले. जी पिढी पडद्यावरच्या सह्याद्रीत रमते, तीच खऱ्या सह्याद्रीसाठी लढू शकते, हा या साऱ्यातला आशेचा भाग. आपल्या महाविद्यालयांनी संगणकाचे विद्यार्थी, चित्रकार आणि लोककथांचे अभ्यासक यांना एकत्र बसवावे. कला व संस्कृती खात्याने त्यासाठी काही रक्कम राखून ठेवावी. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी येत्या चतुर्थीला माटोळीखाली बसलेल्या नातवंडांना एकदंताची कथा स्वतः सांगावी. ती त्यांना ठाऊक असेल, पण ती कोणत्या घाटाची व कोणत्या किनाऱ्याची, हे त्यांनी आपल्याच माणसांकडून ऐकले पाहिजे.