समिती कोणाची?

पीएच.डी.स प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मार्गदर्शकाबरोबर एक समितीही येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत संशोधन सल्लागार समितीची तरतूद होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विनियमांतही ती कायम राहिली. संशोधनाचा विषय निश्चित करावयाचा, आखणी व पद्धती ठरविण्यास साह्य करावयाचे, दर सत्रात झालेल्या कामाचा वृत्तांत विद्यार्थ्याच्याच तोंडून ऐकावयाचा, आणि काम असमाधानकारक वाटल्यास कारणे नोंदवून उपाय सुचवावयाचे, ही तिची कामे. उपायांनीही भागले नाही तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस तिला करता येते. एका तरुणाच्या आयुष्यातील तीन ते सहा वर्षे अशा रीतीने तिच्या हाती असतात.

कल्पना उत्तम आहे. विद्यार्थ्याचे भवितव्य एकाच व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, यासाठीच अनेकांचा सल्ला हवा. परंतु या समितीचा निमंत्रक कोण? तर तोच मार्गदर्शक! मग पुष्कळ ठिकाणी जे व्हावयाचे तेच होते. शेजारच्या खोलीतील सहकारी सभासद म्हणून येतात. आज तुमच्या विद्यार्थ्यासाठी मी, उद्या माझ्या विद्यार्थ्यासाठी तुम्ही. चहा होतो, सह्या होतात, बैठक संपते. आम्ही शाळेत शिकवीत असताना तपासणीच्या दिवशी हुशार मुले पहिल्या बाकावर बसवीत असू. त्या वर्गाची तपासणी जितकी खरी, तितकीच ही.

मार्गदर्शक सज्जन व अभ्यासू असेल तेथे काहीच बिघडत नाही, आणि असे प्राध्यापक आपल्याकडे थोडे नाहीत. प्रश्न उरतो तो इतरांचा. मार्गदर्शक प्रकरणे महिनोन् महिने वाचीत नसेल, किंवा विद्यार्थ्यास घरगुती कामाला जुंपीत असेल, तर त्याने तक्रार करावी कोठे? समितीपुढे बोलावे, तर गुरुजी समोरच बसलेले. प्रबंध पुरा झाल्यावर किमान दोन बाह्य परीक्षक तो वाचतात हे खरे. पण ते पाहतात लिहिलेले. जे लिहूनच झाले नाही, त्याचा जाब ते कसा विचारणार?

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थी मार्गदर्शकाच्या सल्ल्याने स्वतःच आपली समिती जमवितो, आणि तीत विभागाबाहेरचा एक सभासद असावा असा दंडक अनेक ठिकाणी आहे. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. मार्गदर्शकाचा धाक तेथेही असतोच. तरीपण बाहेरच्या एका माणसाच्या उपस्थितीने बैठकीची भाषा बदलते.

निमंत्रक कोण असावा हे दिल्लीने ठरविले आहे. परंतु समितीची घडण विनियमांनी विद्यापीठांच्या परिनियम-अध्यादेशांवर सोपविली आहे, आणि तेथे आपल्या विद्यापीठांस पुष्कळ करता येण्यासारखे आहे. एक सभासद अन्य विभागातील व विद्यार्थ्याच्या संमतीचा असावा. प्रत्येक बैठकीत मार्गदर्शकाने पाव तास बाहेर जावे. इतिवृत्ताची प्रत विद्यार्थ्यास त्याच दिवशी मिळावी. यास ना अनुदान लागते ना इमारत. विद्यापरिषदेने पुढील प्रवेशांपूर्वी एवढा ठराव करावा, अशी आमची मागणी आहे.