घोडा घरी आला, एमिलीचं काय?

‘वॉर हॉर्स’ बघून डोळे पुसले नाहीत अशी बाई विरळाच. मीही पुसले. स्टीव्हन स्पीलबर्गसारखा दिग्दर्शक, जॉन विल्यम्सचं संगीत आणि एक देखणा घोडा, म्हणजे रडू यायचंच. पण रडून झाल्यावर जरा विचार केला आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, फसवल्यासारखं वाटलं.

२०११ सालचा हा सिनेमा. अजूनही टीव्हीवर लागतो आणि ‘सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा’ म्हणून आपण मुलांना शेजारी घेऊन बसतो. गोष्ट आहे इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या एका कुळाच्या घरातली. बाप दारू पिणारा, एका पायाने अधू. शेताला नांगराचा घोडा आणायला जातो आणि जमीनमालकाशी ईर्ष्या करून तीस गिनी मोजून शर्यतीचा दिसणारा जोई घेऊन येतो. खंडाचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न मात्र घरच्या बाईपुढे, रोझपुढे! अशी घरं आपल्याला काही नवी नाहीत. १९१४ मध्ये युद्ध सुरू होतं, बाप मुलाला न विचारता घोडा सैन्याला विकतो, पुढे मुलगा अल्बर्टही सैन्यात जातो.

इथपर्यंत सिनेमा मला आवडला. रोझ फार खरी आहे. नवऱ्याने बोअर युद्धातली पदकं का फेकून दिली होती, हे ती मुलाला समजावून सांगते, तो प्रसंग सिनेमातला सगळ्यात चांगला. आणि नंतर? नंतर रोझ जवळजवळ दिसतच नाही, थेट शेवटच्या दृश्यात मुलाला मिठी मारायला येते. मुलगा फ्रान्सच्या खंदकात असताना त्या आईचे दिवस कसे गेले असतील, ह्याला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले ते परतलेच नाहीत. तिथेही रोझसारख्या बाया होत्याच की.

दुसरी गोष्ट मरणाची. घोडदळ जर्मन मशिनगनवर चालून जातं, तेव्हा माणसं पडताना दाखवायची टाळली आहेत. पाठीवर स्वार नसलेले घोडे उड्या मारत पुढे जातात, त्यावरून आपण समजून घ्यायचं. पळून आलेल्या दोन जर्मन भावांना, अगदी पोरसवदा मुलं ती, गोळ्या घालतात. नेमक्या त्याच क्षणी पवनचक्कीचं पातं मधे येतं! मुलांनाही बघता यावा म्हणून असेल, मान्य. पण मग घोडा काटेरी तारेत अडकल्यावर तोच कॅमेरा त्याच्या अंगावरून हलत का नाही? घोड्याची वेदना आपल्याला पुरेपूर दाखवली आणि माणसांची आड केली. अर्थात, इंग्रज आणि जर्मन शिपाई मिळून ती तार कापतात, तो प्रसंग सुंदर आहे हे म्हटलंच पाहिजे.

मला खरा राग आला तो एमिलीवरून. फ्रान्समधली ही नाजूक, आजारी मुलगी. आईवडील युद्धात गेलेले, आजोबा जॅम बनवून पोट भरतात. जोईला ती लपवते, माया लावते आणि जर्मन सैनिक घोडा घेऊन जातात. त्यानंतर शेवटी लिलावात आजोबा एकटेच येतात आणि एमिली गेल्याचं सांगतात. बस्स, एका वाक्यात पोर संपली! आजोबा शंभर पौंडांना घोडा घेतात आणि अल्बर्टला देऊन टाकतात. आपण पुन्हा रडतो, पण घोडा मालकाला मिळाला म्हणून.

मूळ कादंबरी मायकेल मोर्पर्गो यांची, १९८२ सालची. तिथे घोडा स्वतःच सगळं सांगतो. त्यात आजोबा घोडा फुकट देत नाहीत. एक पेनी घेतात आणि अट घालतात की, अल्बर्टने जोईवर माया करायचीच, पण आपल्या एमिलीबद्दल लोकांना सांगत राहायचं. सांगितलं नाही तर तिला कोण ओळखणार? ही अट सिनेमाने गाळली. एवढ्या मोठ्या पडद्यावर एका पेनीला जागा नव्हती, पण शेवटच्या लालभडक सूर्यास्ताला भरपूर होती.

तो सूर्यास्तही जरा जपूनच बघावा. त्या युद्धात सुमारे ८० लाख घोडे, गाढवं, खेचरं मेली असा अंदाज आहे. युद्ध संपल्यावर इंग्रज सैन्याने कितीतरी जनावरं तिकडेच विकली, काही थेट खाटकांना. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची सेनाधिकाऱ्याची बायको कैरोला गेली. तिला तिथे हाडं निघालेले म्हातारे घोडे ओझी ओढताना दिसले, हे एकेकाळचे लष्करी घोडे. तिने १९३१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि तिने हजारो घोडे विकत घेतले. बरेचसे इतके थकलेले की, थोडे दिवस पोटभर चारा देऊन, विसावा देऊन तिने त्यांना शांतपणे मरण दिलं. १९३४ मध्ये तिथेच जनावरांचा दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था आज भारतातही काम करते.

ह्या बाईवर सिनेमा काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन. तोवर, घरात इंग्रजी वाचणारी शाळकरी मुलगी असेल तर तिला मोर्पर्गोंचं पुस्तक आणून द्या. लहान मुलांसाठीच लिहिलेलं आहे, भाषा सोपी आहे. आणि शेवटचं प्रकरण तिच्याकडून मराठीत सांगून घ्या.