खांद शेकली, नळी राहून गेली



उद्या पोळा. आज सांजच्याला घरोघरी खांदशेकणी होईल. पळसाच्या पानानं हळद-तूप लावून बैलाचा खांदा शेकायचा, वर्षभर जू वाहिलं म्हणून हात जोडायचे, अन् उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्या साकोलीकडं ही रीत अजून टिकून आहे. ट्रॅक्टरवाल्याच्या घरीही एखादी जोडी असली तर तो खांद शेकल्याशिवाय राहत नाही.

पण यंदा माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. आपण खांदा शेकतो, शिंगं रंगवतो, मठाट्या बांधतो. बैलाच्या गुडघ्याखाली मात्र आपला हात जात नाही. बैल निकामी होतो तो बहुतेक तिथंच.

झालं असं, की यंदा चिखलणीच्या ऐन भरात माझा मोऱ्या अडला. सकाळी कोठ्यातून काढला तर मागचा उजवा पाय ताठ. मागं फरफटवायचा, मग एकदम झटका देऊन पुढं आणायचा. चार पावलं बरी, पाचव्याला पुन्हा तेच. परे रोवणीला आलेले, बांधीत पाणी उभं, बाया सांगून ठेवलेल्या. अन् बैल तीन पायांवर.

शेजारचे म्हातारबा आले, पाहून म्हणाले, "अरे बापू, नस चढली त्याची. डाग दे, पोळ्याच्या आत सरळ होते."

डाग म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगायला नको. विळा नाही तर सळई लाल करायची अन् दुखऱ्या जागी टेकवायची. माझा हात त्या दिवशी जवळजवळ चुलीकडं गेलाच होता. थांबलो ते एका जुन्या गोष्टीमुळं. ती पुढं सांगतो.

१९६२ ला फोन लावला. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी मोऱ्याला दहा पावलं चालवलं, मांडीच्या खाली सांध्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "दादा, ही नस-बिस काही नाही. गुडघ्याची वाटी वर अडकते आहे."

मग त्यांनी समजावलं. मागच्या पायाचा खरा गुडघा पोटाजवळ असतो. आपण ज्याला मागचा गुडघा समजतो ती तर बैलाची टाच. अन् पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. खऱ्या गुडघ्यावर वाटी असते, तिला खालच्या हाडाशी बांधणारे तीन पट्टे असतात. हाडाला हाड बांधणाऱ्या अशा पट्ट्याला पुस्तकात अस्थिबंध म्हणतात. आतल्या बाजूचा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकला की वाटी खाली येत नाही, पाय वाकत नाही. सुटला की झटका बसतो.

जागा बधिर केली, लहानसा छेद दिला, तो आतला एक पट्टा कापला. काही मिनिटांचं काम. मोऱ्या उठला अन् पाय वाकवून चालायला लागला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दोन-तीन आठवडे आराम दिला. चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली, खिशाला चाट बसली. पण बैल वाचला. डाग दिला असता तर कातडं जळलं असतं अन् वाटी अडकलेलीच राहिली असती.

त्याच वेळी डॉक्टरांनी एक मजेशीर गोष्ट सांगितली. घोडा उभ्या उभ्या झोपतो ते याच कुलपाच्या जोरावर. तो वाटी स्वतःहून उंचवट्यावर चढवतो, पाय कुलूपबंद करतो अन् डुलकी घेतो. स्नायूंना फारसा ताणच नाही. पुढच्या पायालाही वरपासून खुरापर्यंत अशीच दोऱ्यांची बांधणी असते. घोड्याला जे कुलूप वरदान, तेच माझ्या मोऱ्याच्या पायात अडसर झालं. बैलाची रीतच वेगळी. त्याला रवंथ करायला, अंग टाकायला निवांत बसायला लागते. म्हणून बसायला कोरडी जागा नसलेला कोठा म्हणजे बैलाच्या पायांवर रोजचा जुलूम.

हे ऐकल्यावर मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आपण सगळ्यालाच नस किंवा शीर म्हणतो. खरं तर तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक, स्नायू. म्हणजे मांस. आखडते अन् सैल होते, जोर तिथून येते. दुसरी, कंडरा. स्नायूच्या टोकाची पांढरी चिवट दोरी, जी त्याचा जोर हाडापर्यंत पोचवते. तिसरा, अस्थिबंध. हाडाला हाड बांधून ठेवणारा. बैलगाडीत समजायचं तर बैल म्हणजे स्नायू, जोत म्हणजे कंडरा, अन् जुवाला धुरीशी बांधणारा दोर म्हणजे अस्थिबंध. बैल कितीही दमदार असो, जोत तुटलं की बंडी जागची हलत नाही.

आता हात लावून पाहा. बैलाच्या काय अन् घोड्याच्या काय, पुढच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. हाडाची नळी अन् तिच्या मागं दोऱ्या. दोन वाकवणाऱ्या कंडरा एकामागं एक, अन् त्यांच्या पुढं हाडाला चिकटून एक जाड अस्थिबंध, जो खुराच्या वरचा सांधा झोळीसारखा तोलून धरतो. घोडा भरधाव सुटला की तो सांधा प्रत्येक टापेला जमिनीकडं दबतो, दोऱ्या रबरासारख्या ताणतात अन् परत उसळतात. त्या उसळीनं बरीच ताकद वाचते. घोडा एका बोटावर धावतो, त्याचं खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. बैल दोन बोटांवर चालतो. दोन्ही बोटांना कंडरेचा वेगवेगळा फाटा, अन् बोटं फाकू नयेत म्हणून मध्ये आडवे बंध. चिखलात हे दोन बोटांचं खूर जरा पसरते अन् निघताना मिटते, म्हणून बांधीत घोड्यापेक्षा बैल बरा.

आणखी एक. पुढच्या पायाचं हाड छातीच्या पिंजऱ्याला हाडानं कुठंच जोडलेलं नाही. बैलाला गळ्याचं हाड नसते, घोड्यालाही नसते. अख्खी छाती दोन पायांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली. अन् वशिंड म्हणजे निव्वळ चरबीचं गाठोडं नव्हे, त्यात खांद्याचा मोठा स्नायू असतो. तेव्हा खांदशेकणी काही खुळी रीत नाही. आपल्या आज्या-पणज्यानं दमलेला स्नायू ओळखला होता, त्याला ऊब अन् मालीश दिली. फक्त दोरीपर्यंत त्याचा हात पोचला नाही. आपलाही पोचला नाही.

आता ती जुनी गोष्ट. मी शाळेत होतो तेव्हा बाबांकडं एक ढवळा होता, शंकरपटातला. पटाचा दिवस म्हणजे आमच्या झाडीपट्टीत सण. दिवसा जोड्या सुटायच्या, रात्री नाटक. ढवळ्यानं त्या वर्षी छकडा जिंकून दिला, अन् दुसऱ्या दिवशी पुढची नळी मागून फुगली. धनुष्यासारखा बाक आलेला. बाबांनी गरम तेल चोळलं. उतरलं नाही, म्हणून डाग दिला. तीन आडव्या रेघा. महिन्यानं सूज कमी झाली, तेव्हा सगळे म्हणाले डागानं गुण आला. पुढच्या हंगामात पुन्हा जुंपला अन् तीच नळी पुन्हा गेली. मग तो कधीच सरळ चालला नाही. विकायला जीव होईना अन् लंगड्या बैलाला गिऱ्हाईकही नाही. सात वर्षं कोठ्यात उभा-बसा राहून गेला. बाबा त्याच्या पायाकडं पाहायचे नाहीत.

आज समजते की गुण आरामानं आला होता, डागानं नाही. घोड्यांच्या कंडरेवर डाग देण्याची चाल इंग्रजांच्या देशातही होती. तिथं ब्रिस्टलला यावर अभ्यास झाला, १९८३ साली छापून आला. डागानं दोरी लवकर सांधत नाही, जनावराला नुसती पीडा होते, हे त्यातून पुढं आलं. आपण अजून सळई तापवतो.

आता मुद्द्याचं. पटावर बोललो की अर्धे लोक नाराज होतात, म्हणून आधीच सांगतो, मी पटाच्या विरोधात नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. त्या निकालात बैलाच्या अन् घोड्याच्या शरीराची तुलना आहे. बैलाचं अंग पिंपासारखं, सांधे कमी वाकणारे, खूर दुभंगलेलं, म्हणून तो ओढकामाचा प्राणी, पळण्याचा नाही. घोड्याची बांधणी मात्र वेगासाठी, असा त्याचा रोख. २०१७ ला राज्यानं कायदा बदलला, पण शर्यती सुरू झाल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली अन् १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो कायदा कायम ठेवला. या वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला, बैल धावू शकतो की नाही?

माझं म्हणणं, हा प्रश्नच अर्धा आहे. बैल धावतो, ते आपण डोळ्यांनी पाहतो. पण घोडा एवढा धावण्यासाठी घडलेला असूनही शर्यतीच्या घोड्यांची कंडरा तुटतेच ना? ज्याची बांधणीच वेगाची, त्याची दोरी जर तुटते, तर आपल्या बैलाची किती जपावी लागेल? धावणं गुन्हा नाही. तयारीविना धावडवणं गुन्हा आहे.

अन् तयारी कशी होते ते पाहा. चिखलणी ट्रॅक्टर करते. जोडी कोठ्यात बांधलेली. दिवाळीनंतर मंडई झाली की पटाचं वारं सुटते. मग ढेप, अंडी, दूध, काय काय चारतात. दीड-दोन महिन्यांत बैल चमकायला लागते, पुठ्ठे भरतात. मालक खूश. पण भरला तो स्नायू. त्याच्यात रक्त भरपूर, तो आठवड्यांत तयार होतो. कंडरेत रक्त कमी. तिला घट्ट व्हायला महिने लागतात, अन् वय झाल्यावर ती फारशी बदलतही नाही. म्हणजे इंजिन नवं बसवलं अन् जोत जुनंच. मग जोर जितका जास्त, तितकी दोरी लवकर जाते. चारा-अंड्यानं कंडरा तयार होत नाही. ती रोजच्या मोजक्या चालीनं होते.

म्हणून माझं मत सरळ आहे. पटात पळवायचा बैल वर्षभर कामात असला पाहिजे. पावसाळा संपला की रोज चाल, मग हळूहळू ओझं, मग थोडी दौड. जो बैल सहा महिने दाव्याला होता, त्याला दोन महिन्यांत पटावर नेऊ नये, मग तो कितीही देखणा असो. पळवायच्या आधी अर्धा तास चालवून अंग गरम करावं. काठी, तुतारी, शेपटी पिरगाळणं हे कायद्यानं बंद आहेच, मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पण दंडापेक्षा मोठं कारण हे, की दमलेला स्नायू दोरीला सांभाळू शकत नाही. दमलेल्याला मार देऊन पळवलं की तिथंच दोरी जाते. आयोजकांनी डॉक्टरचा दाखला नुसता फाइलला लावू नये. सुटायच्या आधी चारही नळ्यांवर हात फिरवून पाहायला लावावं.

अन् पट न खेळणाऱ्यांनीही ऐका. वर्षभर बांधलेला बैल काढून एकदम दिवसभर चिखलात घालणं, हेही तेच पाप आहे. पहिल्या दिवशी दोन तास, मग वाढवा.

नळी फुगली, हाताला गरम लागली, दाबल्यावर पाय उचलला, तर काम तिथंच थांबवा. पहिले दोन दिवस थंड पाणी, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेक नाही, चोळणं नाही, डाग तर नाहीच. डॉक्टरला बोलवा. अन् सूज उतरली म्हणजे बरा झाला असं समजू नका. सांधलेली दोरी पहिल्यासारखी ताणत नाही, तिला कित्येक महिने द्यावे लागतात. ढवळ्याला आम्ही ते महिने दिले नाहीत.

ट्रॅक्टरच्या ताकदीला आपण हॉर्सपॉवर म्हणतो, नाव घोड्याचं. आपली बांधी पिढ्यान्‌पिढ्या पिकवली बैलानं. ट्रॅक्टरच्या ताकदीत त्याचं नाव नाही. निदान त्याच्या पायाची ओळख तरी ठेवू.

आज खांद शेकाल ना, तेव्हा एवढं करा. हळदीचा हात पुसून गुडघ्याखाली न्या. चारही नळ्या मागून वरून खाली दाबत पाहा, उजवी-डावी ताडून पाहा. निरोगी दोरी कशी लागते ते आजच हाताला ठाऊक करून घ्या, म्हणजे बिघडली की लगेच समजेल. पोरांनाही दाखवा, परवा तान्हा पोळा आहे, लाकडाचा बैल धरतील तेव्हा खरा पायही त्यांना माहीत असू द्या.

मी बाबांना घेऊन बसणार आहे. मोऱ्याच्या पायाला त्यांचा हात लावणार आहे.

पोळ्याच्या शुभेच्छा.