स्केलपट्टीचा न्याय: जपानी स्पोर्ट्स कारच्या 'चुकीच्या' किटांची बाजू

(१)
किटचे खोके उघडले जाते, गाडीचे छत चौकटीतून तोडून काढले जाते, त्यावर व्हर्नियर कॅलिपर लावला जातो आणि निकाल लागतो: 'छत दीड मिलिमीटरने उंच. किट चुकीचे.' जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या प्लास्टिक प्रतिकृतींची तुलना आज बहुधा एवढ्यावरच आटोपते. नवा साचा तो खरा, जुना साचा तो खोटा. भूमितीच्या दृष्टीने हा निकाल कित्येकदा बरोबर असतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो आळशी आहे.

(२)
आधी मापाचीच गोष्ट. जपानी मोटारींची बहुतेक किटे १/२४ प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट येथे अर्ध्या इंचात मावतो. टोयोटा २०००जीटी ही खरी गाडी जमिनीपासून १,१६० मिलिमीटर उंच. चोवीसने भागले की उरतात जेमतेम ४८ मिलिमीटर. टेबलावरची एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीवरची एका इंचाची चूक. इथवर कॅलिपरवाल्यांचे म्हणणे निर्विवाद आहे.

(३)
परंतु हाच हिशेब उलट दिशेने करण्याचे धैर्य फार थोडे जण दाखवतात. अस्तर, रंग आणि वार्निश मिळून प्रतिकृतीवर ०.१ मिलिमीटरचा थर चढला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा रंग ठरतो. काचेचा पारदर्शक भाग एक मिलिमीटर जाड असेल, तर ती चोवीस मिलिमीटरची काच झाली. दाराभोवतीची पाच मिलिमीटरची फट १/२४ मध्ये ०.२ मिलिमीटर व्हायला हवी. तशी ती ठेवली तर रंगाच्या पहिल्या दोन हातांतच बुजून जाईल. म्हणून साचा करणारा ती मुद्दाम रुंद ठेवतो, आणि जोडणारा रंगापूर्वी ती आणखी कोरून घेतो. तात्पर्य, 'अचूक' म्हणून गौरवलेल्या प्रत्येक किटमध्ये जाणूनबुजून केलेल्या अचूकतेच्या चुका भरलेल्या असतात. डोळ्याला खरे वाटावे म्हणून मापाला खोटे बोलावेच लागते. मग छताच्या दीड मिलिमीटरवरच एवढा संताप का?

(४)
दुसरा प्रश्न अधिक गैरसोयीचा: माप घेतले ते कोणत्या गाडीचे? २०००जीटी १९६५ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९६७ ते १९७० या काळात सुमारे साडेतीनशेच बांधली गेली. तिची बांधणी टोयोटाच्या नेहमीच्या कारखान्यात नव्हे, तर शिझुओका प्रांतातील इवाता येथे यामाहाकडे झाली, तीही बरीचशी हाताने. पत्रा हाताने बसवलेल्या दोन गाड्या मिलिमीटरपर्यंत सारख्या नसतात. त्यात पन्नासएक वर्षांत स्प्रिंगा बसतात, टायरची घडण बदलते, दुरुस्तीत कडा सरकतात. आज एखाद्या जतन केलेल्या गाडीचे लेझर मापन करून साचा केला, तर तो १९६७ सालच्या २०००जीटीचा साचा नसतो. त्या एका गाडीच्या आजच्या प्रकृतीचा असतो.

(५)
आता जुन्या किटांकडे. ती 'चुकीची' का झाली, याचे उत्तर शोधायला शिझुओकातच जावे लागते. हे शहर लाकडाचे. तामिया ही कंपनी १९४६ मध्ये तेथे लाकूड कापण्याच्या धंद्यातून उभी राहिली. लाकडी प्रतिकृती हा तिचा जोडधंदा होता. १९५१ च्या आगीत लाकडाचा साठा भस्मसात झाला आणि पुढे जोडधंदाच मुख्य धंदा बनला. आओशिमा तर १९२४ पासूनची. हासेगावा आणि फुजिमी याच परिसरातल्या. ज्या चार नावांची आज आपसांत तुलना होते, ती चारही एकाच परिसरातून निघाली, हे तुलना करणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते.

(६)
मग आले प्लास्टिक. जपानमधले पहिले देशी प्लास्टिक किट म्हणून मारुसानच्या 'नॉटिलस' पाणबुडीचे नाव घेतले जाते. साल १९५८. तामियाचे पहिले प्लास्टिक किट १९६० चे 'यामातो' युद्धनौकेचे, आणि ते पडले. स्पर्धकाने तेच जहाज अधिक स्वस्तात विकायला ठेवले होते. कंपनीला तारले ते नंतरच्या 'पँथर' रणगाड्याने. शिगेरू कोमात्सुझाकी यांचे जोरकस खोकेचित्र आणि आत विजेरीवर चालणारी मोटर.

(७)
येथे क्षणभर थांबावे असा तपशील आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे १/३५ हे प्रमाण आज जगभर प्रमाणभूत मानले जाते. ते कोणत्याही शास्त्रातून आलेले नाही. पँथरच्या पोटात दोन विजेऱ्या मावाव्यात एवढा तो ठेवला गेला. पुढे त्याच मापाचे इतर रणगाडे काढायचे ठरले तेव्हा मोजून पाहिले, तर प्रमाण १/३५ च्या आसपास निघाले. हे खुद्द शुनसाकू तामिया यांनी नोंदवून ठेवले आहे. ज्या मापपट्टीने लोक आज एकमेकांची उणीदुणी काढतात, तिचा जन्म विजेरीच्या डब्यातला!

(८)
मोटारींच्या किटांवरही याच विजेरीचे राज्य दीर्घकाळ होते. साठ-सत्तरच्या दशकांतले बहुतांश ग्राहक शाळकरी मुले. त्यांना कपाटात ठेवायला २०००जीटी नको होती. तातामी चटईवरून धावणारी हवी होती. त्यासाठी छोटी मोटर, दातेरी चाके आणि विजेरीचा कप्पा गाडीच्या पोटात बसवावा लागे. परिणामी आतली बैठक वर उचलली जाई, आसने उथळ होत आणि चाके मोकळी फिरावीत म्हणून गाडी जमिनीपासून उंच राही. या वर उचललेल्या तळाला जपानी भाषेत 'आगेझोको' असा खास शब्द आहे. आजचा परीक्षक त्याच आगेझोकोवर बोट ठेवून म्हणतो, 'आतला भाग अगदीच सुमार.' म्हणजे बैलगाडीला डिकी नाही, अशी तक्रार करण्यातला प्रकार.

(९)
साचा पोलादाचा असतो आणि महाग असतो. म्हणून तो दशकानुदशके वापरला जातो. मोटर काढून टाकली जाते, खोके नवे छापले जाते, आतले भाग मात्र तेच. गोंधळाचे खरे मूळ येथे आहे. नव्या खोक्यातला जुना साचा नव्या साच्याशेजारी ठेवला जातो आणि दोघांना एकाच इयत्तेची परीक्षा द्यायला लावली जाते. साचा कधीचा हे खोक्यावर ठळकपणे न छापणाऱ्या उत्पादकांचाही यात दोष आहे. तो त्यांच्या पदरात घालायलाच हवा.

(१०)
अचूकतेचा ध्यास हा केवळ आजच्या पिढीचा गुण, हाही एक गैरसमज. १/१२ प्रमाणातील पोर्शे ९३४ करताना तामियाने एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली; पुन्हा जोडायला पोर्शेचा तंत्रज्ञ बोलवावा लागला. गाडी जर्मन, पण ध्यास शिझुओकाचा. एवढे करूनही खर्च काही भरून निघेना, म्हणून १९७६ मध्ये तेच शरीर रेडिओ-नियंत्रित गाडीवर चढवले गेले. ध्यास तेव्हाही होता. त्याचे पैसे मोजणारा प्रौढ ग्राहक तेव्हा पुरेसा नव्हता.

(११)
आता 'चुकीच्या' किटांतले सर्वांत बदनाम घराणे. १९७१ पासून फुजी स्पीडवेवर ग्रँड चॅम्पियन शर्यती भरू लागल्या. शर्यतीइतकीच गर्दी बाहेरच्या वाहनतळावर होई. तेथे तरुण आपापल्या स्कायलाइन आणि सेलिका शर्यती गाड्यांसारख्या सजवून आणत: चाकांवर फुगवलेल्या कमानी, जमिनीला टेकलेले पोट, पुढे आलेला जबडा. या जबड्याला 'देप्पा', म्हणजे पुढे आलेले दात, असे नाव पडले. आकाशाकडे रोखलेल्या धुराच्या नळीला 'ताकेयारी', म्हणजे बांबूचा भाला. आओशिमाने 'ग्राचान' या नावाने या गाड्यांची किटे काढली.

(१२)
शिष्ट संग्राहक या किटांकडे नाक मुरडून पाहतात. 'कारखान्यातून अशी गाडी निघालीच नव्हती.' खरे आहे. पण रस्त्यावर ती होती. पोलिसांनी तिला अडवले, शेजाऱ्यांनी तिच्या नावाने बोटे मोडली, एका पिढीने पगार तिच्यावर उधळला. पुढे अशा गाड्यांतल्या कित्येक भंगारात गेल्या किंवा पुन्हा मूळ रूपात आणल्या गेल्या. त्या काळच्या जपानी रस्त्याची त्रिमितीतली साक्ष शोधायची झाली, तर कारखान्याच्या आराखड्यांपेक्षा आओशिमाचे हे भडक खोके अधिक उपयोगी पडते.

(१३)
उलट बाजूने पाहू. मापाने निर्दोष असलेले किट इतिहासाची केवढी दिशाभूल करू शकते, याचे उदाहरण म्हणजे स्कायलाइन जीटी-आर. १९६९ ची पहिली जीटी-आर, म्हणजेच 'हाकोसुका' घराण्यातली. 'हाको' म्हणजे खोके. चौकोनी अंगलटीवरून पडलेले नाव. तिचे १,९८९ सीसीचे एस२० इंजिन आर३८० या शर्यती गाडीच्या वंशातले, शक्ती १६० अश्व. मे १९६९ मध्ये तिने पहिली शर्यत जिंकली आणि दंतकथा सुरू झाली.

(१४)
ही पहिली विजयी जीटी-आर चार दारांची सेडान होती. दोन दारांची हार्डटॉप आली ती ऑक्टोबर १९७० मध्ये. पण हाकोसुका म्हटले की खोक्यावर, कपाटात आणि तुलनेच्या छायाचित्रांत उभी असते ती बहुधा दोन दारांचीच. छताची उंची बरोबर, बोनेटची रेघ बरोबर. गोष्टीची सुरुवात मात्र गाळलेली.

(१५)
आकडे आणखी बोलके आहेत. त्या पिढीच्या स्कायलाइन तीन लाखांहून अधिक बनल्या. त्यांतल्या जीटी-आर सुमारे दोन हजार. म्हणजे दर दीडशे गाड्यांमागे जेमतेम एक. पुढची पिढी 'केनमेरी'. जाहिरातीतल्या केन आणि मेरी या जोडप्यावरून पडलेले हे लाडके नाव. ती साडेसहा लाखांहून अधिक बनली. तिची जीटी-आर १९७३ मध्ये आली आणि धुराच्या नव्या नियमांपुढे लगेच बंद झाली. एकूण १९७. शर्यतीत ती एकदाही उतरली नाही.

(१६)
त्या १९७ गाड्यांची किटे आओशिमानेही काढली आणि फुजिमीनेही. कपाटांतली प्लास्टिकची गर्दी पाहिली तर सत्तरच्या दशकातला जपानी माणूस कामावर जीटी-आरने जात होता, असेच एखाद्याला वाटावे. तो जात होता एकेरी कॅमशाफ्टच्या साध्या स्कायलाइनने, मागच्या आसनावर मुले घेऊन. टेललॅम्पच्या वर्तुळाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला म्हणून हळहळणाऱ्यांना ही दीडशेपट आणि तीन हजारपट चूक कधी टोचलेली दिसत नाही.

(१७)
टोयोटाच्या एई८६ ची कथा तर त्याहून गमतीची. १९८३ ते १९८७ या काळातली ही साधी, परवडणारी गाडी १९९५ मध्ये सुरू झालेल्या शुइची शिगेनो यांच्या 'इनिशियल डी' या चित्रकथेने अजरामर केली. तिच्या दारावर तोफू विकणाऱ्या दुकानाचे नाव असते. त्या काल्पनिक दुकानाच्या अक्षरांची जाडी बरोबर आहे की नाही, यावर आज गंभीर चर्चा झडतात. झडोत बापड्या, निदान तेथे आपण एका कादंबरीची प्रतिकृती करत आहोत, हे सर्वांना ठाऊक असते.

(१८)
प्रत्येक जुने किट पूजनीय, असा याचा अर्थ नव्हे. काही साचे तेव्हाही वाईटच होते: घाईत केलेले, दुसऱ्याचे पाहून उचललेले, दार एका बाजूचे वर आणि दुसऱ्या बाजूचे खाली. आणि आज पूर्ण किंमत मोजणाऱ्याला छत कसे आहे, हे आधी कळण्याचा हक्क आहेच. कॅलिपर फेकून देण्याचे कारण नाही. त्याच्याबरोबर आणखी तीन प्रश्न मात्र विचारले जावेत: साचा कोणत्या साली केला, तो कोणाच्या हातात पडावा म्हणून केला, आणि गाडीची कोणती आवृत्ती निवडताना कोणती गाळली.

(१९)
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधीकधी त्याच उत्पादकाच्या यादीत खाली सापडते. जीटी-आरच्या चकचकीत खोक्यांपासून थोडे दूर आओशिमाने १९७१ ची साधी जीटी-एक्सही काढून ठेवली आहे: निसानचे नेहमीचे एल२० इंजिन, दोन कार्ब्युरेटर, १३० अश्वशक्ती, फुगवलेल्या कमानी नाहीत, शर्यतीचा क्रमांक नाही. तुलनेच्या टेबलावर ती फारशी येत नाही.