पिकअप गेला, दोष इंजिनाचा की क्लचचा?

दहा-पंधरा वर्षांची जुनी डिझेल गाडी आपल्यापैकी अनेकांच्या दारात आहे. अब्बांनी घेतलेली, मग भावाभावांत फिरलेली, लग्नकार्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे धावणारी. अशी गाडी एक दिवस चढावर ओढेनाशी होते. मग चाचा म्हणतात, पंप गेला. मामू म्हणतात, क्लच प्लेट संपली. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पंप आणि नोझलचे काम वेगळ्या कारागिराकडे जाते. दोन्ही खर्च मोठे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून आधी निदान, मग खर्च.

इंजिन ताकद तयार करते. क्लच ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते. ती झिजली किंवा तिला ऑइल लागले की पकड सुटते आणि प्लेट घसरते. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: रेस दाबल्यावर इंजिन जितके पळते, तितकी गाडी पळते का?

सातवीच्या मुलांना आम्ही सम प्रमाण शिकवतो, तेच इथे लावा. गिअर तोच असेल आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला असेल, तर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग सम प्रमाणात वाढतात. समजा, चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरला काटा 1600 फेरे दाखवतो. मग 60 ला त्याने 2400 दाखवले पाहिजेत. तो 3000 वर गेला, तर वरचे 600 फेरे क्लचमध्ये वाया जात आहेत. फेऱ्यांचा काटा नसेल तर कान वापरा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबा. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, वर जळका वासही येतो, म्हणजे दोष क्लचचा. घसरणे आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावरच कळते.

याउलट आवाजही चढत नाही, वेगही चढत नाही, इंजिन दबल्यासारखे वाटते, तर क्लचला हात लावू नका. सायलेन्सरकडे पाहा. दाट काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. एअर फिल्टर तुंबला असेल, टर्बोचा पाइप फाटला किंवा निसटला असेल, किंवा नोझल खराब असेल. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल फिल्टर तुंबला आहे का, त्यात पाणी साचले आहे का, हे पाहा. पंप उघडण्याआधी फिल्टर बदलून बघणे कितीतरी स्वस्त पडते. थोडे चालवून थांबल्यावर एखादे चाक जास्त तापलेले जाणवले, तर ब्रेक अडकत असेल. मग बिचाऱ्या इंजिनाचा दोष काय?

क्लचचा संशय आला तरी गिअरबॉक्स उतरवण्याची घाई नको. पेडल हाताने दाबून बघा; सुरुवातीला ते थोडे सैल लागले पाहिजे. केबलवाल्या गाडीत प्लेट झिजत जाते तशी ही ढील संपते आणि क्लच पूर्ण बसत नाही. प्लेट शिल्लक असेल तर केबल जुळवून काम भागते. चालवताना क्लचवर पाय ठेवून बसण्याची किंवा चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर मजुरी एकदाच द्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्या. जुनी प्लेट परत मागा. ती ऑइलने माखलेली असेल, तर गळणारे ऑइल सील आधी बदला. नाहीतर नवी प्लेटही तशीच खराब होईल.

आणि एक गोष्ट. घसरणाऱ्या क्लचवर कुटुंबाला घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाटात जाऊ नका. चढावर गाडी अडकण्याची भीती तर आहेच. क्लच फारच झिजला असेल तर उतारावर इंजिनाचा लगामही कमजोर पडतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

मिस्त्रीकडे गेल्यावर “क्लच बदला” किंवा “पंप बघा” असे सांगू नका. “आवाज वाढतो, वेग वाढत नाही” किंवा “आवाजही वाढत नाही आणि काळा धूर येतो,” असे सांगा. गाडी रोज आपण चालवतो. लक्षण सांगणे आपले काम, इलाज करणे त्याचे. लक्षण नीट सांगितले की चांगला मिस्त्री योग्य ठिकाणीच हात घालतो.