गॅदरिंगमध्ये न नाचण्याचा हक्क

डिसेंबर आला की भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करणारा एकच आवाज असतो, शाळांच्या गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचा. गेल्या रविवारी मावशीचा फोन आला. "तू तरी समजाव तिला. नववीतल्या सगळ्या मुली डान्समध्ये आहेत आणि ही म्हणते, मी नाचणार नाही. बाई म्हणाल्यात, इंटर्नल मार्क आमच्या हातात आहेत."

मी मावसबहिणीला विचारलं, का नाही? ती म्हणाली, "नाही आवडत, दादा. कारण सांगावंच लागतं का?"

नाही. सांगावं लागू नये. हा लेख त्यासाठीच.

पहिला युक्तिवाद ठरलेला: "स्टेज डेअरिंग येतं." आठवीत मलाही कोळी डान्समध्ये ढकललं होतं. दुसरी रांग, डोळ्यांवर घसरणारी टोपी. त्या चार मिनिटांत मी एकच गोष्ट शिकलो, पुढच्या मुलाच्या पाठीमागे लपायला. डेअरिंग आलं ते इंजिनीअरिंगला, सेमिनारचा विषय स्वतः निवडला तेव्हा. बोलण्यासारखं काहीतरी हातात होतं, म्हणून पाय लटपटले तरी उभा राहिलो.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. इथे मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं राहतात. त्यांतल्या कितीतरी मुलींना मनसोक्त नाचायला गॅदरिंगशिवाय दुसरी जागा नाही. सक्ती काढली तर घरचे म्हणतील, "बरं झालं, आता जाऊच नकोस." ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणजे ज्या मुलीला नाचायचंय तिच्या बाजूने शाळेने घरच्यांशी बोलणं. जिला नाचायचं नाही तिला रांगेत उभं करून पहिलीची सुटका होत नाही. "नाचायचं नाही" म्हणणारा बाप आणि "नाचायलाच हवं" म्हणणारी शाळा, दोघेही मुलीला न विचारताच ठरवतात.

आता कायद्याचं बघू. १९८५ साली केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं, हे त्या निकालाने मान्य केलं. त्या मुलांचं कारण धार्मिक होतं आणि माझ्या बहिणीचं तसं नाही, हे कबूल. पण जिथे राष्ट्रगीत गाण्याचीही सक्ती टिकली नाही, तिथे रिमिक्सवर कंबर हलवण्याची सक्ती कुठल्या तोंडाने करायची? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. मार्कांची धमकी त्यापासून किती लांब आहे, हे बाईंनीच ठरवावं.

शिवाय आमच्या वेळी पडदा पडला की डान्स संपायचा. आता त्याची रील होते, ती फॅमिली ग्रुपवर जाते आणि तिथून कुठे जाते हे कुणालाच माहीत नसतं. मी सॉफ्टवेअर बनवतो. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला आम्ही संमती म्हणत नाही, निदान म्हणू नये. वर्गातल्या सगळ्यांची नावं डान्सच्या यादीत लिहून टाकणं म्हणजे तीच चौकट.

उपाय सोपा आहे. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: डान्स, नाटक, निवेदन, नेपथ्य, लाइट किंवा प्रेक्षकांत बसणं. शेवटचा पर्याय निवडणाऱ्याला कारण विचारू नका. नाच तरीही होईल, आणि रंगमंचावरची मुलं खरंच हसत असतील.

मी मावशीला परत फोन लावला. "समजावलंस का?" तिने विचारलं. म्हटलं, आता समजावतोय. ती चिडली. "ड्रेपरीच्या भाड्याचे सहाशे रुपये भरलेत, त्याचं काय?"

म्हटलं, ते मी देतो. तिला मात्र विचार.